केदारच्या वाटेवरची शिदोरी



अक्षयतृतीया जवळ आली की आपल्या भागातून चारधामच्या गाड्या निघायला लागतात. मेहकर असो की चिखली, एखादी गाडी तर बायकांनीच भरलेली असते. त्यात आपल्या गटाच्या ताईही असतात, वर्षभराची बचत मोडून निघालेल्या. म्हणून आज त्या वाटेचा इतिहास सांगायचं ठरवलं. पण देवळांचा नाही. माझा प्रश्न चुलीपुढचा आहे. गाड्या नव्हत्या तेव्हा माणसं पायी बर्फापर्यंत जात होती, तर ती खात काय होती?

शेगावच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी गेलेल्या बायका आपल्यात आहेत. त्यांना माहीत आहे की पाय थकतात ते नंतर, आधी पोट बोलतं. पण पंढरीच्या वाटेवर गावोगावी पंगत असते. हिमालयात गावंच विरळ. ऋषिकेशहून निघायचं, देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग करत केदारनाथला चढायचं, उतरून पुन्हा बद्रीनाथला चढायचं आणि परत यायचं. यात महिना-दीड महिना सहज जाई. आता हिशोब करा. एका माणसाला दिवसाला अर्धा किलो पीठ-तांदूळ धरला, तरी चाळीस दिवसांचे वीस किलो झाले. वर घोंगडी आणि भांडी. एवढं ओझं पाठीवर घेऊन साठीची बाई चढ चढेल का?

नाही चढणार. म्हणून त्या वाटेवर चट्ट्या उभ्या राहिल्या. चट्टी म्हणजे दोन-चार मैलांवरचा मुक्काम. गवताने किंवा पाटीदगडांनी शाकारलेली लांबट पडवी, एका टोकाला दुकान. दुकानदार मुक्कामाचे पैसे घेत नसे. त्याच्याकडून कणीक, तांदूळ, डाळ, तूप, गूळ घ्यायचा, की तो रात्रीपुरती भांडी आणि चुलीला जागा देई. सकाळी भांडी घासून परत केली की मोकळे. मला हा व्यवहार फार शहाणपणाचा वाटतो. यात्रेकरूचं ओझं गेलं, दुकानदाराचा माल खपला आणि डोंगरातल्या माणसाला रोजगार मिळाला.

पण ज्यांच्या गाठीला पैसाच नव्हता, त्यांचं काय? त्यांच्यासाठी सदावर्त होतं. गढवालात काही गावांचा सारा यात्रेकरूंच्या जेवणासाठी लावून दिलेला होता. पुढे इंग्रजांचं राज्य आल्यावर ट्रेल नावाच्या कमिशनरने त्या पैशातून यात्रेचा रस्ता सुधारायला घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काली कमलीवाले बाबांनी ऋषिकेशहून धर्मशाळांची आणि सदावर्ताची मोठी साखळी उभी केली. आजही त्या नावाची धर्मशाळा तिकडे दिसते.

त्याच्याही शंभर वर्षं आधी आपली एक बाई तिथवर पोचली होती, निदान तिचा पैसा तरी. अहिल्याबाई होळकर. जन्म चौंडीचा, १७२५ चा. १७६७ पासून १७९५ पर्यंत महेश्वरात बसून त्यांनी कारभार पाहिला. त्यांनी बांधलेले घाट आणि देवळं सगळ्यांना ठाऊक आहेत. हिमालयातल्या त्यांच्या कामांची यादी मात्र मी वाचली तेव्हा थांबून पुन्हा वाचली. रंगडाचट्टी, बिदरचट्टी, व्यासगंगा, तंगनाथ, पावली इथे धर्मशाळा. गौरीकुंडाला कुंड. देवप्रयागला बाग आणि गरम पाण्याचं कुंड. आणि शेवटी एक ओळ: गाईंसाठी चराऊ जमीन. दगडी धर्मशाळा बांधणारे खूप असतील. पण तिथे गाय राहिली पाहिजे, गाय राहिली तर दूध-तूप मिळेल आणि त्यासाठी तिला चारा लागेल, हे सुचायला घर चालवलेलं माणूस लागतं, असं माझं मत आहे. हा दानधर्म त्या आपल्या खासगीतून करत, दौलतीच्या तिजोरीतून नाही. यादीतली पावली म्हणजे गंगोत्रीहून केदारला जाणाऱ्या जुन्या पायवाटेवरची पंवाली. दहा हजार फुटांच्या वरचं ते माळरान, हिवाळ्यात बर्फाखाली जातं. तिथे छप्पर असणं म्हणजे काय, हे वादळात सापडलेल्यालाच कळावं.

शिजवण्याची अडचण वेगळीच होती. आपलं बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर. जसजसं उंच जावं तसतशी हवा विरळ होते आणि पाणी कमी उष्णतेवरच उकळायला लागतं. केदारला ते अठ्ठ्याऐंशी अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे पातेल्यात खळखळ उकळी दिसते, पण तुरीची डाळ काही शिजत नाही. कुकर नव्हता तेव्हा वर डाळ शिजवणं म्हणजे लाकडं फुकट घालवणं. तिथे निखाऱ्यावरची जाड रोटी, गूळ, तूप आणि सातूचं पीठ हेच खरं. सातूचं पीठ तर आपल्या घरचंच. आधीच भाजलेलं असतं, पाण्यात कालवलं की झालं. सामान वाहणारे पहाडी लोक मंडुव्याची भाकरी खात, म्हणजे आपली नाचणी. झंगोऱ्याचा भात खात, तो आपल्या भगरीसारखा.

ज्यांना परवडे ते दांडीत बसून जात, नाहीतर कंडीत, म्हणजे माणसाच्या पाठीवरच्या टोपलीत. बाकीच्या बायका चालत. वाटेवर पटकीची साथ येई, कडे कोसळत. रुद्रप्रयागच्या बिबट्याने १९१८ ते १९२६ या काळात सव्वाशे माणसं मारली, तेव्हा रात्री चट्टीच्या उघड्या पडवीत झोपायचीही भीती होती. साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर १९१२ साली स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर यांच्यासोबत या डोंगरांत पायी फिरले आणि त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. चालणाऱ्या हजारो बायकांपैकी फार थोड्यांनी काही लिहून ठेवलं. त्यांची आठवण उरली ती मावंद्यात. यात्रेहून माणूस सुखरूप परतलं की गंगापूजन करून गावजेवण घालायचं. इतके दिवस ज्यांच्या दारी जेवली, त्यांचं ऋण अशा रीतीने गावात फेडायचं.

१९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धानंतर डोंगरात रस्ते झपाट्याने झाले आणि चट्ट्या ओस पडत गेल्या. केदारला मात्र अजूनही गौरीकुंडाहून चालतच जावं लागतं, नाहीतर घोडा किंवा हेलिकॉप्टर. जून २०१३ च्या पुरात वाटेवरचं रामबाडा वाहून गेलं. नवी वाट साधारण सोळा किलोमीटरची आहे.

आणि बर्फातून मैलोनमैल चालणं आजच्या बायकांनीही सोडलेलं नाही. १९९७ मध्ये बचेंद्री पाल यांच्या नेतृत्वाखाली आठ बायका अरुणाचलपासून सियाचिनपर्यंत हिमालय आडवा चालल्या, सव्वादोनशे दिवस. २०२२ मध्ये त्यांनीच पन्नाशी ओलांडलेल्या बायकांची तुकडी नेली, अरुणाचल ते लडाख, पाच हजार किलोमीटरांच्या जवळपास. त्यात आपल्या विदर्भातल्या, नागपूरच्या बिमला नेगी-देऊस्कर होत्या. वाटेतली लमखागा खिंड सतरा हजार फुटांच्या वर आहे.

आता माझं खरं बोलणं. आपल्या बायका केदारला चढतात ते बऱ्याचदा उपाशी. देवदर्शनाआधी खायचं नाही, एकादशी मोडायची नाही, आणि आडोसा मिळत नाही म्हणून पाणीही प्यायचं नाही. उंचावर आधीच भूक मरते, तहान लागत नाही, आणि शरीर मात्र थंडीशी झगडत जास्त जळत असतं. दर वर्षी या वाटेवर माणसं दगावतात. जुन्या यात्रेकरणी चट्टीगणिक चूल पेटवत होत्या, जेवून पुढे जात होत्या. सदावर्त घालणाऱ्यांनी तर खाऊ घालणं हाच धर्म मानला.

तेव्हा यंदा जाणाऱ्या ताईंनो, पिशवीत सातूचं पीठ, गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि दशम्या ठेवा. गौरीकुंडाला एक रात्र थांबा, खाऊन चढा, वाटेत दर तासाला दोन घास आणि कोमट पाणी घ्या. डोकं दुखून उलटी झाली तर दर्शन राहू द्या, खाली उतरा. मंदिर भाऊबीजेपर्यंत उघडं असतं. आणि जाण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासून घ्या.