सरांच्या घड्याळातल्या पाच खुणा

पेपर संपायला दहा मिनिटं उरली की गणिताचे सर मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे, आठवतंय? मग फळ्यावर उरलेली मिनिटं लिहायचे. मला तर गणितापेक्षा त्या घड्याळाचीच धास्ती जास्त होती. गेल्या मेळाव्यात सरांनी तेच घड्याळ रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "तू घड्याळं दुरुस्त करतेस म्हणे. बघ, जमतंय का. स्टँडजवळचं दुकान कधीच बंद झालं."

सॉफ्टवेअरमधली बाई या नादाला कशी लागली, ते आधी सांगते. बाबा गेल्यावर त्यांचं एचएमटी मी एका विक्रेत्याकडे 'नवं करून' घ्यायला दिलं. ते पॉलिश होऊन, तबकडी झगझगीत लाल रंगवून परत आलं. आईनं हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे कुणाचं आणलंस?" बाबांनी तीस वर्षं जिच्याकडे बघून ऑफिस गाठलं, ती पिवळट तबकडी रंगाखाली कायमची गेली होती. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, म्हणून मी स्वतः शिकायचं ठरवलं. पुण्याच्या जुन्या बाजारातून बंद घड्याळं आणली, डोळ्याला भिंग लावलं आणि पहिली सहा घड्याळं पार कामातून घालवली. केसाएवढी हेअरस्प्रिंग चिमट्यात एकदा वाकडी झाली की झाली. तिथे 'अनडू' नसतं.

सरांचं घड्याळ म्हणजे एचएमटी जनता. तबकडीवर '१७ ज्वेल्स' आणि 'पॅराशॉक' ही अक्षरं. त्याची कुळकथा आपल्या देशाच्या कथेशी जोडलेली आहे. हिंदुस्तान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ साली बंगळूरला निघाली, ती लेथसारखी यंत्रं बनवायला. त्याआधी आपल्याकडे चांगलं घड्याळ म्हणजे बाहेरून आलेलं, बहुतेक स्विस. १९६१ मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळांचा कारखाना सुरू केला. पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. पुढे शिक्षक, कारकून, रेल्वेतले कर्मचारी अशा पगारदार माणसांच्या मनगटावर एचएमटी आलं. लग्नात जावयाला एचएमटी आणि निवृत्तीला एचएमटी, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. सरांनी त्यांचं १९७५ साली घेतलं, नोकरीत कायम झाल्यावर, नंबर लावून.

आत काय असतं ते थोडक्यात सांगते. चावी भरली की मेनस्प्रिंग गुंडाळली जाते आणि साधारण दीड दिवस हळूहळू उलगडत राहते. तिची ताकद दातेरी चाकांमधून बॅलन्स व्हीलपर्यंत पोचते. ते चाक झोके घेतं आणि सेकंदाला ५ टिकटिक होतात, म्हणजे दिवसाला ४,३२,००० ठोके. चाकांच्या सुईसारख्या आसांची टोकं कृत्रिम माणकांच्या खड्यांमध्ये फिरतात, म्हणजे झीज कमी होते. ते '१७ ज्वेल्स' हेच. पॅराशॉक म्हणजे धक्का बसला तर बॅलन्सच्या आसाचं टोक मोडू नये म्हणून खड्याला दिलेली स्प्रिंग. असं घड्याळ दिवसाला ३० सेकंद चुकलं तरी ते ९९.९६ टक्के बरोबर असतं. आमच्या क्षेत्रात सर्व्हर ९९.९ टक्के वेळ चालू राहिला की आम्ही पाठ थोपटून घेतो, आणि त्यात तो दिवसाला ८६ सेकंद बंद असतो!

मागचं झाकण उघडलं तेव्हा आतली यंत्रणा शाबूत होती. तेल मात्र वाळून चिकट झालं होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार सुईने कोरलेल्या पाच बारीक खुणा दिसल्या: २-७९, २-८३, २-८७, २-९१, २-९५. घड्याळजी साफसफाई केली की अशी खूण करून ठेवतात. म्हणजे दर चार वर्षांनी सर्व्हिसिंग, आणि प्रत्येक वेळी फेब्रुवारीतच. मी सरांना फोन केला.

सर हसले. म्हणाले, "मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. आपल्या शाळेत केंद्र असायचं, मी पर्यवेक्षक. माझ्या घड्याळापायी कुणा पोराची दोन मिनिटं जायला नकोत."

"आणि ९५ नंतर?"

"९५ ला तुम्हीच नाही का नवीन घड्याळ दिलंत मला!"

मी गप्पच झाले. निरोप समारंभाला आपल्या बॅचने वर्गणी काढून सरांना क्वार्ट्झ घड्याळ दिलं होतं. सरांनी आपलं मन राखलं आणि एचएमटी कपाटात गेलं.

आपण केलं तेच त्या काळात सगळीकडे चाललं होतं. २५ डिसेंबर १९६९ ला टोकियोत सेकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. त्यातला स्फटिक पुढे प्रमाण ठरलेल्या रचनेत सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. म्हणजे २ चा १५ वा घात. तो १५ वेळा निम्मा केला की बरोबर एक सेकंद! चावी नको, तेल नको. आपल्याकडे टाटा आणि तामिळनाडू सरकारच्या महामंडळाने १९८४ मध्ये टायटन स्थापन केली आणि १९८७ पासून तिची क्वार्ट्झ घड्याळं बाजारात आली. एचएमटीनेही क्वार्ट्झ घड्याळं काढली, पण ती मागे पडत गेली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. कारखान्यांबरोबर स्टँडजवळच्या दुकानासारखी दुकानंही गेली आणि त्यांच्यासोबत ती विद्याही.

सरांच्या घड्याळाला मला तीन रविवार लागले. सगळे भाग सुटे केले, धुतले, नवं तेल दिलं, मेनस्प्रिंग बदलली. तबकडी पिवळी पडली आहे, बारावर एक डाग आहे. ती रंगवून देऊ का, असं सरांना विचारलं. "नको. तो डाग कुठला ते मला माहीत आहे," एवढंच म्हणाले. काचेवरचे ओरखडेही तसेच ठेवले. आता ते दिवसाला २० सेकंद पुढे जातं. मला ते अजून कमी करता आलं असतं, पण सर म्हणाले, "राहू दे. मागे पडण्यापेक्षा बरं."

झाकण लावण्याआधी, आधीच्या पाच खुणांखाली मी सहावी कोरली. हात थरथरत होता, त्यामुळे आकडे थोडे वाकडे आलेत. त्याचे मार्क सर कापतीलच.

या संमेलनाला सर तेच घड्याळ घालून येणार आहेत. भाषणं लांबली तर ते काढून टेबलावर ठेवतील, तेव्हा वक्त्यांनी जपून.