मुखपट्टीचा कस

सॅन फ्रान्सिस्को शहराने १९१८ च्या ऑक्टोबरात इन्फ्लुएंझाच्या साथीपायी गॉझची मुखपट्टी सक्तीची केली. २१ नोव्हेंबरला ती उतरली, जानेवारीत पुन्हा चढली. तेव्हा मुखपट्टीविरोधी संघच उभा राहिला! सवाल मात्र रास्त होता: तिने रोग टळतो काय? कॅलिफोर्नियाच्या आरोग्यखात्याचे डॉ. केलॉग यांनी १९२० साली प्रयोगांती सांगितले की, पदर वाढवावे तर श्वास कोंडतो आणि हवा कडेने निसटते. एवढ्यावरून मुखपट्टीच टाकाऊ ठरविणे आम्हांस घाईचे वाटते. फसले ते कापड. ते सुधारल्यावर काय घडते, हे २०२०-२१ साली कोविडच्या साथीत बांगलादेशच्या खेड्यांत दिसले. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर बांधतात तशा पट्ट्या तेथे वाटल्या. निम्म्याहून कमी लोकांनी त्या लावल्या, तरी लक्षणांसह होणारा कोविड सुमारे ११ टक्क्यांनी घटला. साठीपुढच्या माणसांत तर सुमारे ३५ टक्क्यांनी.