हलगी (कुस्तीच्या फडातील)

हलगी : कुस्तीच्या फडात वाजणारे चर्मवाद्य. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची (ता. लोहा) खंडोबाची यात्रा असो की लातूरची सिद्धेश्वर यात्रा, तिथल्या जंगी कुस्त्या हलगीवाचून रंगत नाहीत. ती गर्दी जमवण्यासाठी असते, असे सहसा समजले जाते. ते अर्धेच खरे. हलगी हा पैलवानाचे अंग तापवण्याचाही भाग आहे. माळेगावची यात्रा मार्गशीर्षातली, थंडीच्या दिवसांतली. जोड पुकारली जाईपर्यंत पैलवान उघड्या मैदानात बसून असतो आणि मोकळे झालेले स्नायू पुन्हा आखडतात. मग तो मातीत उतरतो, फेरी मारतो, उड्या घेतो, शड्डू ठोकतो. या हालचालींना हलगी ठेका देते. (कातडे सैल पडले तर हलगीलाही आधी विस्तवावर शेकावे लागतेच.) मातंग समाजातील वादकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले हे कसब केवळ जोरात बडवण्याचे नाही. वादकाची नजर पैलवानावर असते. शड्डू पडला की ठोके दाट होतात.

ठेक्याच्या या परिणामाला शास्त्राचाही आधार आहे. ब्रुनेल विद्यापीठातील क्रीडा-मानसशास्त्रज्ञ कोस्टास करागिऑर्गिस यांच्या संशोधनानुसार संगीताने शरीर-मनाची उत्तेजना वाढते, मध्यम श्रमात दमणूक कमी जाणवते आणि हालचाल ठेक्याला जुळली तर अधिक लाभ होतो. इथिओपियाचा धावपटू हैले गेब्रसेलासी 1998 मध्ये बर्मिंगहॅमच्या बंदिस्त मैदानात 2000 मीटरचा विश्वविक्रम करताना ‘स्कॅटमॅन’ गाण्याच्या तालावर पावले टाकत होता. जागतिक अ‍ॅथलेटिक्सचे नियम स्पर्धेच्या जागेत गाणी ऐकण्याची साधने बाळगू देत नाहीत, ते उगाच नव्हे.

यावर आक्षेप असा, की तालमीत हलगी नसते, रामलिंग मुदगडचे (ता. निलंगा) हरिश्चंद्र बिराजदार 1969 मध्ये ‘महाराष्ट्र केसरी’ झाले, ते जोर-बैठकांच्या बळावर. खरे आहे, पण जोर-बैठकाही मोजून, एका लयीत मारल्या जातात. ताल तिथेही असतो, वाद्य तेवढे नसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : श्रम शिगेला पोचले की शरीराचेच इशारे प्रबळ होतात आणि संगीताचा प्रभाव ओसरतो. तो मान्य करावा लागतो. म्हणूनच हलगीचे श्रेय पकड बसण्यापूर्वीच्या काही मिनिटांपुरतेच धरावे. शिवाय कानात आपल्या आवडीचे गाणे लावून तयारी करणाऱ्या धावपटूसारखी इथे निवड नसते. दोन्ही पैलवानांना एकच हलगी ऐकू येते. ती दोघांनाही तापवते, चीतपट कोण होणार यात तिचा हात नसतो.