ताडाचे मडके आणि यीस्टची पुडी



महोत्सवाच्या या स्मरणिकेत चर्चच्या बांधणीचा व शाळेचा इतिहास अन्य लेखकांच्या वाट्याला गेला आहे. आमच्या वाट्याला जो विषय आला तो आम्ही मागून घेतला, हे प्रथमच कबूल केलेले बरे. त्याचे निमित्तही अगदी क्षुल्लक आहे. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण नोकरीनिमित्त इंग्लंडात राहतो. तो सुट्टीवर आला असता त्याने आमच्यापुढे एक चिमुकली पुडी ठेविली. पुडीवरील रोमन अक्षरे आम्ही ‘सफाळे’ अशीच वाचली व आपल्या गावाच्या नावाची वस्तू परदेशांत विकली जाते या विचाराने क्षणभर फुशारलो. तरुण हसला. ते बीअर आंबवण्याचे कोरडे यीस्ट असून त्याचे नाव ‘साफएल’ असे आहे. ‘एल’ ही बीअरची एक जात, आणि पहिल्या दोन अक्षरांचा मेळ फ्रान्सच्या उत्तरेस लिल शहराजवळ कारखाने असलेल्या लसाफ्र या यीस्टवाल्या घराण्याच्या नावाशी दिसतो. आपल्या स्टेशनाशी त्या पुडीचा काडीमात्र संबंध नाही. तरीपण ती पुडी पाहून आम्हांस आपल्या ताडांची आठवण झाली, ती मात्र अकारण नव्हे.

सफाळे, केळवे, माहीम, एडवण, दातिवरे या पट्ट्यात आंबवण्याची विद्या फार जुनी आहे. ताडाची अथवा माडाची पोय बांधून, रोज तिचे टोक पातळ कापून, खाली मडके अडकविले म्हणजे गोड रस ठिबकतो. मडक्यास आतून चुना लावला तर रस गोडच राहतो, तीच नीरा. चुना नसेल तर सूर्य वर येईपर्यंत त्यात फेस धरतो व ताडी होते. हे करणाऱ्या भंडाऱ्याने यीस्ट हा शब्द ऐकला नव्हता, पण जुन्या मडक्यात रस लवकर ‘लागतो’ हे तो जाणून होता. मातीच्या छिद्रांत कालचे किण्व दडून असते, हे त्याचे कारण. गोव्यात 1563 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी माडाची सूर, तीपासून काढलेला अर्क व उन्हात ठेवून होणारा शिरका यांचे वर्णन केले आहे. गोव्यातील पाववाल्यांनी त्याच सुरेने पीठ फुगविले आणि सान्नां आजही तिनेच हलकी होतात असे जाणकार सांगतात. सारांश, पाव व पेय ही एकाच मडक्याची लेकरे होत.

मग ही विद्या घरगुती राहिली नाही, ती का? येथे इतिहास थोडा कडू आहे. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी काढणे, भट्टी लावणे व विकणे हे सारे परवान्याच्या व कराच्या कक्षेत घेतले. झाडागणिक कर बसला. तेव्हा आपला भाग ठाणे जिल्ह्याच्या माहीम तालुक्यात मोडत असे. पुढे 1892 च्या मोहवा कायद्याने ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर व नेण्याआणण्यावरही निर्बंध आले. ज्या वनवासी बांधवांस मोह हे दुष्काळातले अन्नही होते, त्यांस हा कायदा कसा वाटला असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. सरकारचा हेतू तिजोरीचा होता, त्यास संयमाचे नाव देणे आम्हांस पटत नाही. स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्याचा हेतू निराळा होता हे मान्य केले पाहिजे. मिस्सेच्या द्राक्षारसासाठी त्यात परवान्याची स्वतंत्र तरतूद ठेविली गेली. पुढील दशकांत दारूबंदी शिथिल झाली, पण परवान्यावाचून मद्य तयार करणे हा आजही गुन्हा आहे. हे वाक्य वाचकांनी दोनदा वाचावे. खालचा मजकूर वाचून कोणी स्वयंपाकघरात पिंप मांडू नये.

आता त्या तरुणाची हकीकत. इंग्लंडात घरी बीअर करण्यास 1880 पासून परवाना लागे. तो 1963 साली रद्द झाला. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरगुती बीअरला मोकळीक मिळाली. तेव्हापासून तेथे दुकानांतून नवशिक्यांसाठी तयार संच विकतात: जवाच्या काढ्याचा आटवलेला दाट अर्क डब्यात, त्यात हॉपच्या फुलांचा कडवटपणा आधीच घातलेला, सोबत यीस्टची पुडी. अर्क गरम पाण्यात कालवावा, थंड पाणी घालावे, पुडी सोडावी, दोन आठवडे थांबावे. आमच्या तरुणाने हेच केले. पेय झाले, पण त्याच्याच शब्दांत सांगावयाचे तर ते ‘दुसऱ्याने शिजविलेले जेवण गरम केल्यासारखे’ होते. तेव्हा त्याने एक एक पायरी मागे जावयाचे ठरविले.

पहिल्या पायरीस त्याने साधा अर्क घेऊन हॉप स्वतः उकळले. आरंभी घातलेले हॉप तासभर उकळले म्हणजे कडवटपणा येतो, शेवटी घातलेल्यांचा वासच तेवढा उरतो. आमच्या बहिणी फोडणी आरंभी व कोथिंबीर शेवटी घालतात, तसेच हे. दुसऱ्या पायरीस त्याने डबा अजिबात सोडला व मोड आणून वाळविलेले जव भरडून 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजविले. मोड येताना दाण्यात जी पाचक द्रव्ये निर्माण होतात, ती या उष्णतेत पिठाची साखर करतात. पाणी फार तापले तर ती मरतात. थोडे कमी राहिले तर पेय पातळ व कोरडे होते. पहिल्या खेपेस त्याने तापमापक न वापरता बोटावर भरवसा ठेविला व वीस लिटर रस फुकट घालविला. नाचणीला मोड आणून लेकरांसाठी सत्त्व करणाऱ्या आपल्या माताभगिनींस या विद्येचा अर्धा भाग आधीच अवगत आहे, हे आम्ही त्यास सांगितले तेव्हा तो थोडा वरमला.

पण खरी पायरी तिसरी. ती म्हणजे यीस्ट. येथे धर्मसभेच्या इतिहासाचाही धागा लागतो. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या नियमात मठवासीयांस रोजच्या मद्याचे माप ठरवून दिले. द्राक्षे न पिकणाऱ्या उत्तरेत मठांनी जवाची बीअर केली. नवव्या शतकातील सेंट गालेन मठाच्या नकाशात बीअर करण्याच्या तीन इमारती आहेत. बाराव्या शतकात संत हिल्डेगार्ड यांनी हॉपमुळे पेय टिकते, असे लिहून ठेविले. रोमन विधिग्रंथात तर बीअरवरील आशीर्वादाची प्रार्थनाच आहे. सेमिनरीत ती प्रथम वाचनात आली तेव्हा आम्ही सारे विद्यार्थी हसलो होतो. एवढे असूनही आंबविणारा कोण, हे कोणासच ठाऊक नव्हते. बव्हेरियाच्या 1516 च्या प्रसिद्ध आज्ञापत्रात बीअरमध्ये पाणी, जव व हॉप एवढेच असावे असे म्हटले आहे. यीस्टचे नावच नाही! लुई पाश्चर यांनी 1876 साली बीअरवरील ग्रंथात किण्वाचे जीवन व पेय बिघडविणारे जंतू यांची फोड केली. 1870 च्या युद्धातील पराभवानंतर जर्मनांस बीअरमध्ये तरी हरवावे, ही त्यांची ईर्षा होती, ही गोष्ट आम्हांस मोठी मानवी वाटते. 1883 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढविले आणि कारखान्याचे मालक याकोबसेन यांनी ते इतर कारखान्यांस विनामूल्य दिले. ती चिमुकली पुडी याच शोधाची नात होय.

पुडीतील यीस्टला साधारण 18 ते 20 अंशांची हवा मानवते. आपल्या सफाळ्यात मे महिन्यात तिची काय दशा होईल? तरुणाने सांगितले की नॉर्वेच्या पश्चिमेकडील शेतकरी ‘क्वेइक’ नावाचे यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या लाकडी कड्यांवर वाळवून जपत आले आहेत आणि ते 30 अंशांच्या वरही सुखाने काम करते. आम्ही म्हटले, “अरे, मग आपले मडके काय वेगळे करीत होते?” तो गप्प राहिला, आणि नंतर म्हणाला, “फादर, फरक एवढाच की त्यांनी ते जपलं.”

हे उत्तर आम्हांस लागले. ताडावर चढणारे हात आपल्या भागात दिवसेंदिवस कमी होत आहेत. खऱ्या ताडीची जागा कित्येक ठिकाणी क्लोरल हायड्रेट मिसळलेल्या पाण्याने घेतली आहे. 2015 च्या जून महिन्यात मुंबईत मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. आपल्या धर्मग्रामातही पिंपातल्या दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही पाहिली आहेत. त्यांची नावे येथे लिहीत नाही, ती घरे आम्हांस व आपणांस ठाऊक आहेत. म्हणून या विद्येची स्तुती करताना आमची लेखणी अडखळते. तरुणाची बीअर वीस लिटर होते व ती तो मित्रांत महिनाभर पुरवितो. भट्टीवाल्याचे गिऱ्हाईक ती संध्याकाळीच संपविते. दोघांत अंतर आहे ते कशाचे, यावर आम्ही अजून विचार करीत आहोत.

परवानगीने ही विद्या आपल्या राज्यातही परत आली आहे. पुण्यात 2009 साली ‘डूलाली’ ही लहान ब्रुअरी निघाली, ती महाराष्ट्रातील पहिल्यांपैकी एक. आता मुंबईपुण्यात अशा कित्येक आहेत.

गेल्या नाताळास त्या तरुणाने इंग्लंडातून पत्र धाडले. या खेपेस त्याने जवाबरोबर भाजलेली नाचणी घातली होती. रंग तांबूस आला व चव किंचित आंबिलीसारखी झाली, असे लिहून त्याने विधिग्रंथातील ती प्रार्थना मागितली. आम्ही ती लॅटिनमधून उतरवून, मराठी अर्थासह, त्यास पाठविली आहे.