नाशिक व मूकचित्रपटांतील आद्य स्त्रिया

ऐतिहासिक साधनें म्हटलीं कीं बखरी, दफ्तरें व ताम्रपट यांकडेच आपली दृष्टि जाते. मूकचित्रपटाची फीत हेंहि एक साधनच होय. परंतु तिची साक्ष एकटी घेतल्यास काय अनर्थ होतो, हें नाशिकच्या उदाहरणावरून दिसतें.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईस प्रदर्शित झाला. त्यांत तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनीं केली. कारण नाचगाण्यावर उपजीविका करणाऱ्या स्त्रियाहि कॅमेऱ्यापुढें येण्यास राजी होईनात. पुढें 'लंकादहना'त (१९१७) साळुंके यांनींच राम व सीता या दोन्ही भूमिका वठविल्या.

फाळके यांनीं १९१३ सालींच आपलें बिऱ्हाड व काम नाशिकास हलविलें. तेथील 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटांत दुर्गाबाई कामत पार्वती व त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी झाली. पुढें 'कालियामर्दना'त (१९१९) फाळके यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली.

आतां शिल्लक काय तें पाहूं. साळुंके यांची तारामती व मंदाकिनीचा कृष्ण फितींवर अंशतः उरले आहेत. 'मोहिनी भस्मासुर' मात्र नष्ट झाला. केवळ फिती पाहणारा म्हणेल कीं, आरंभीं स्त्रीवेषधारी पुरुषच होते. त्या मायलेकींचा मान राखावयाचा तर आधार कागदांचाच. म्हणून त्या काळचीं हस्तपत्रकें, जाहिराती व छायाचित्रें पेशवाईच्या रुमालांइतक्याच आस्थेनें जपावींत, अशी संग्राहकांस आमची विनंति आहे.