वेष्टनावरील बारीक अक्षरे

दुकानातून बिस्किटांचा पुडा किंवा मसाल्याची डबी घेताना आपण बहुधा किंमत, वजन आणि तारीख एवढेच पाहतो. मागल्या बाजूस मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत जे छापलेले असते, ते वाचण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडत नाही. परंतु काही घरे अशी आहेत, की तेथे ती अक्षरे वाचल्यावाचून एक पुडाही उंबरठा ओलांडून आत येत नाही. त्या घरातील एखाद्या मुलास गहू सोसत नाही, एखाद्यास शेंगदाणा, तर एखाद्यास दूध. ही बारीक अक्षरे वेष्टनावर आपोआप उमटलेली नाहीत. त्यांच्यामागे वैद्यांची चिकाटी आहे, एका दुष्काळाची साक्ष आहे आणि काही आईबापांचे अश्रूही आहेत. तो इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

प्रथम ग्लूटेन म्हणजे काय ते पाहू. कणकेचा घट्ट गोळा पाण्याच्या धारेखाली मळत राहिल्यास त्यातील पांढरे सत्त्व वाहून जाते आणि हाती रबरासारखा चिवट लगदा उरतो. तेच ग्लूटेन होय. गव्हात असलेले हे प्रथिन पोळीला ताण आणि पावाला फुगवटा देते. राय आणि बार्ली या धान्यांतही त्याची भावंडे असतात. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी आणि मका यांत मात्र हे घातक प्रथिन नाही. ज्यांना सिलिॲक नावाचा विकार असतो, त्यांच्या लहान आतड्याचे अस्तर ग्लूटेनमुळे झिजून सपाट होते. मग खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. मूल खंगते, पोट फुगते, वाढ खुंटते.

हा विकार नवा नव्हे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत होऊन गेलेल्या कॅपाडोशियाच्या अरेटिअस या ग्रीक वैद्याने अशा रुग्णांचे वर्णन करून ठेवले आहे. पुढे १८८८ साली लंडनच्या सॅम्युअल गी या डॉक्टराने या व्याधीवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. रोगी बरा व्हावयाचा असेल तर तो आहारानेच होईल, हे त्याने अचूक ओळखले. एका मुलाला रोज उत्तम डच शिंपले खाऊ घातले तेव्हा ते सुधारले, आणि हंगाम संपताच पुन्हा खालावले, अशी नोंद त्याने केली आहे. पण नियतीचा खेळ असा, की याच गीने तांदूळ वर्ज्य ठरविला आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनी भाजलेल्या पावास मात्र परवानगी दिली! वाट बरोबर सापडली होती, पण गुन्हेगार पंक्तीतच बसून राहिला.

१९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास याने केळ्यांचा आहार सुचविला. त्याने मुले खरोखरच सुधारली, आणि साऱ्या यशाचे श्रेय केळ्यांना मिळाले. वस्तुतः त्या आहारात पाव आणि बिस्किटे नव्हती, हे खरे कारण होते. ताटात काय वाढले यावर सर्वांची दृष्टी होती. ताटातून काय काढले याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

ते लक्ष गेले विलेम डिके या डच बालवैद्याचे. हेग शहरातील मुलांच्या रुग्णालयात काम करीत असता या विकाराचे मूळ पावात असावे, असा संशय त्यास आला. १९४१ सालच्या एका लेखात अशा मुलांना पाव देऊ नये, असे त्याने लिहिलेही. त्यानंतर १९४४-४५ चा हिवाळा आला. जर्मन सैन्याच्या ताब्यातील पश्चिम नेदरलंड्समध्ये अन्नाची रसद तुटली. लोकांनी ट्यूलिपचे कंद आणि साखरबीट खाऊन दिवस काढले. सुमारे वीस हजार माणसे भुकेने आणि थंडीने दगावली. गव्हाचा पाव दुर्मिळ झालेल्या त्या भीषण काळात सिलिॲकची मुले मात्र तुलनेने बरी राहिली, आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली. दुष्काळानेच डिकेला हे ज्ञान दिले असे पुष्कळदा सांगितले जाते. ते तितकेसे खरे नाही. संशय आधीच होता, दुष्काळाने त्यास साक्ष पुरविली. इतिहासात योगायोगाचा लाभ बहुधा त्यालाच होतो, ज्याच्या मनात प्रश्न आधीपासून जागा असतो.

युद्ध संपल्यावर डिकेने आपल्या बालरुग्णांना पाळीपाळीने निरनिराळी धान्ये देऊन त्यांच्या वजनाच्या आणि उंचीच्या नोंदी ठेवल्या व १९५० साली त्यांवर प्रबंध लिहिला. व्हान डे कामर या रसायनशास्त्रज्ञाने आणि वायर्स या डॉक्टराने त्यास साथ दिली. मुलांच्या शौचातून किती चरबी न पचता बाहेर पडते याचे मोजमाप करून त्यांनी दाखविले, की गव्हातील पिठूळ सत्त्व निरुपद्रवी असून अपाय होतो तो ग्लूटेनमुळे. १९५२ साली बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनीही तसाच निष्कर्ष प्रसिद्ध केला. आपल्या देशात हा विकार नाहीच असे कोणास वाटत असेल, तर १९६६ सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये उत्तर भारतातील मुलांमधील सिलिॲकविषयी लेख आला होता, हे ध्यानात घ्यावे.

कारण कळले, पण येथूनच गृहिणीची परीक्षा सुरू झाली. पोळी आणि पाव डोळ्यांना दिसतात. सूप दाट करण्यासाठी घातलेला मैदा किंवा पौष्टिक पेयातील बार्लीचे माल्ट कसे दिसावे? आपल्या हिंगाचेच उदाहरण घ्या. शुद्ध हिंग इतका उग्र असतो, की बाजारात येणारा बांधानी हिंग हा डिंक आणि पीठ मिसळून तयार करतात. ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. म्हणजे वरणभात निर्धोक म्हणावा, तर फोडणीतील चिमूटभर हिंगातून गहू पानात येऊन बसतो.

म्हणून रुग्णांनी आपले संघ उभारले. ब्रिटनमध्ये १९६८ साली सिलिॲक सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत ॲम्नेस्टी इंटरनॅशनलचे जनक पीटर बेनेन्सन होते, आणि त्यांना स्वतःलाही हा विकार होता. १९७९ साली कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमंडळाने ग्लूटेनमुक्त पदार्थांचे पहिले मानक ठरविले. २००८ साली ते कडक होऊन मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम, म्हणजे पन्नास हजारांत एक भाग, इतकी खाली आली. युरोपात पूर्वी एक विचित्र सवलत होती. एखादा मिश्र घटक पदार्थाच्या पाव हिश्श्याहून कमी असेल, तर त्याच्या पोटात काय काय आहे हे सांगण्याची सक्ती नसे. ॲलर्जीकारक पदार्थांपुरती ही पळवाट २००३ च्या निर्देशाने बंद झाली. अमेरिकेने २००४ च्या कायद्याने दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, कठीण कवचाची फळे, शेंगदाणा, गहू आणि सोयाबीन ही आठ नावे स्पष्ट छापण्याचे बंधन घातले. २०२३ पासून त्यांत तिळाची भर पडली.

येथे एक भेद ध्यानी ठेवावा. सिलिॲक आणि ॲलर्जी हे दोन निराळे विकार आहेत. पहिला आतड्यास हळूहळू कुरतडतो, तर दुसरा काही मिनिटांत प्राण घेऊ शकतो. २०१६ साली लंडनच्या विमानतळावर घेतलेल्या पावाच्या कणकेत तीळ होते आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. तो पाव खाऊन एक पंधरा वर्षांची मुलगी दगावली. तिच्या आईवडिलांनी नेटाने पाठपुरावा केला. त्यामुळे दुकानातच बनवून बांधून ठेवलेल्या खाद्यांवरही सर्व घटक छापण्याचा कायदा ऑक्टोबर २०२१ पासून तेथे अमलात आला. कायद्याच्या रूक्ष भाषेमागे पुष्कळदा असे एखादे ओस पडलेले घर असते.

हा प्रश्न वेदीपर्यंतही पोहोचला आहे. आम्हा कॅथलिकांच्या मिस्सेत ख्रिस्तप्रसादाची ओस्त, म्हणजे बेखमीर पातळ चकती, गव्हाचीच असली पाहिजे असा नियम आहे. ग्लूटेन मुळीच नसलेली ओस्त ग्राह्य नाही, मात्र अत्यल्प ग्लूटेनची चालते आणि केवळ द्राक्षारसाच्या रूपानेही प्रसाद घेता येतो, असे रोमने २००३ साली स्पष्ट केले व २०१७ साली पुन्हा सांगितले. अमेरिकेत मिसुरी राज्यातील बेनेडिक्टाइन भगिनींनी कित्येक वर्षे प्रयोग करून अशी ओस्त तयार केली. नियम न मोडता दुबळ्यासाठी जागा करता येते, याचा हा एक सुंदर दाखला आहे.

भारतात २०२० च्या विनियमांनुसार ग्लूटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरील सल्फाइट यांचा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. तेव्हा वाचावे कसे? हिरव्या ठिपक्यावर विसंबू नये. तो पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो. दूध, गहू आणि शेंगदाणा हे तिन्ही त्या ठिपक्याखाली सुखाने नांदतात. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून शेवटचे नाव येईपर्यंत वाचावी. मैदा, रवा, सुजी, दलिया, माल्ट ही सारी गव्हाची किंवा बार्लीची टोपणनावे समजावीत. ‘असू शकेल’ असा इशारा असेल तर तो त्याच कारखान्यातील दुसऱ्या पदार्थाच्या स्पर्शाविषयी असतो. तोही हलका मानू नये. ओळखीचा पुडा झाला तरी दर खेपेस वाचावा, कारण कृती बदलते आणि चित्र तेच राहते. सुट्या जिनसांवर अक्षरेच नसतात. गिरणीत गव्हामागून दळलेल्या ज्वारीतही गहू उतरतोच. आणि केवळ संशयावरून गहू सोडू नये. आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, कारण गहू बंद केल्यावर तपासणीत रोग लपून राहतो.

अक्षरओळख ही पोथी आणि पत्र वाचण्यासाठी, असे आपले पूर्वज मानीत. आज ती पुडा वाचण्यासाठीही लागते. घरी पाहुणे म्हणून येणाऱ्या मुलास काही सोसत नाही असे त्याच्या आईने सांगितले, तर ‘थोड्याने काय होते?’ असे म्हणू नये. थोड्याने काय होते, ते या इतिहासाने पुरेसे सांगितले आहे. चष्मा लावावा आणि पुडा उलटा करून वाचावा. पाहुणचाराचा आरंभ आता तेथूनच होतो.