सोप्यातला रेडिओ आणि सीमेवरच्या बायका

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. जिल्ह्याबरोबर निपाणी गेली, चिकोडी गेली, खानापूर गेलं. पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे. मोर्चे, सत्याग्रह, १९६६ चा महाजन आयोग, कोर्टातला दावा. या विषयावर कपाटभर पुस्तकं आहेत. त्या पुस्तकांत बायका शोधायला गेलं तर एखाद्या मोर्चाच्या फोटोत डोक्यावर पदर घेतलेल्या दिसतात, तेवढंच. पुरुष मंडळी पारावर बसून आपण कुठल्या राज्यात जायला पाहिजे यावर घसा कोरडा करत होती, तेव्हा घरात बायका काय करत होत्या, हे कुणी लिहिलं नाही.

बऱ्याच घरांत त्या रेडिओ ऐकत होत्या. आणि एकट्या नव्हे, चौघीजणी मिळून.

हा इतिहास सांगायचा तर आधी आपली जागा बघायला पाहिजे. मुंबईत १९२७ पासून रेडिओ केंद्र होतं. आकाशवाणीचं धारवाड केंद्र ८ जानेवारी १९५० ला सुरू झालं, पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला आणि सांगली केंद्र ऑक्टोबर १९६३ मध्ये. निपाणी या सगळ्यांच्या मधोमध. नकाशावर रेघ मारली गेली, पण ती हवेत कशी मारणार? सांगलीचा आवाज कागलचा नाका न थांबता ओलांडून यायचा आणि धारवाडचं कन्नड संकेश्वर-निपाणी करत कोल्हापुरापर्यंत जायचं. रेडिओच्या पट्टीवर तर आणखी गंमत. धारवाड ७६५ वर आणि पुणे ७९२ वर. म्हणजे बटण केसभर फिरवलं की कन्नड, आणखी केसभर फिरवलं की मराठी. ज्या दोन भाषांवरून रस्त्यावर दगड पडले, त्या रेडिओच्या काचेवर बोटभर अंतरावर शेजारी-शेजारी नांदत होत्या.

दुसरी गोष्ट सूर्यास्ताची. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात आणि लांब जाता जाता दमतात. वर आकाशात गेलेल्या लहरी दिवसा उन्हामुळे तिथल्या थरात शोषल्या जातात. सूर्य बुडाला की तो खालचा थर विरतो आणि लहरी आणखी वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर खाली येतात. म्हणून दिवसा खरखरणारी मुंबई रात्री एकदम दारात येऊन उभी राहायची. आता आपल्या घरची रीत आठवा. आपल्यात सूर्यास्ताच्या आत जेवणं. शेजारणीच्या चुलीवर तव्यात भाकरी असायची, तेव्हा आमच्या घरात भांडी घासून पालथी पडलेली असायची. आमची चूल विझायला आणि मुंबईची लहर उघडायला एकच वेळ. रात्रीभोजन सोडण्याचा नियम जीवदयेसाठी आहे, हे खरंच. पण त्या नियमानं आमच्या आज्या-आयांना संध्याकाळचा एक मोकळा तास मिळवून दिला, हेही खरं. आणि तो तास त्यांनी रेडिओला दिला.

रेडिओवरची मालिका म्हणजे नुसती करमणूक असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी जरा लांबची गोष्ट सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये अन्नाची टंचाई होती, रेशन होतं. शेतकऱ्यांनी नव्या पद्धती वापराव्यात म्हणून सरकार आणि बीबीसी धडपडत होते, पण कोरडी भाषणं ऐकतो कोण? १९४८ मध्ये बर्मिंगहॅमला झालेल्या बैठकीत एका शेतकऱ्यानंच सुचवलं, की त्या वेळी गाजत असलेल्या रहस्यमालिकेसारखं शेतीचं काहीतरी करा. त्यातून ‘द आर्चर्स’ निघाली. १ जानेवारी १९५१ पासून ती देशभर ऐकू येऊ लागली आणि अजून चालू आहे. ॲम्ब्रिज नावाचं न असलेलं गाव, त्यातलं एक शेतकरी घराणं, आणि बोलता बोलता खत, बियाणं, गुरांचे आजार. सप्टेंबर १९५५ मध्ये त्या घरातली नवी सून ग्रेस तबेल्याच्या आगीत मेली, तेव्हा लोकांनी बीबीसीला पत्रांचा पाऊस पाडला, कुणी फुलंही पाठवली. जी बाई कधी जन्मलीच नाही तिच्यासाठी! आपल्याला यात हसण्यासारखं काही नाही. त्याच साली १ एप्रिलला पुणे केंद्रानं ‘गीतरामायण’ सुरू केलं. गदिमांची छप्पन्न गीतं, सुधीर फडक्यांची चाल, वर्षभर दर आठवड्याला एक. आपल्याकडच्या बायकांनी रेडिओला हार घातले, उदबत्ती लावली. पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायचं आणि तोवर झाल्या भागाबद्दल एकमेकींशी बोलायचं, ही सवय तेव्हाच अंगात मुरली.

कॅनडातली अशीच एक कल्पना थोड्या वेगळ्या वळणानं आपल्या अगदी शेजारी आली होती. १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं. अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम, आठवड्यातून दोन. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचं, त्यावर चर्चा करायची, जमेल ते करून बघायचं आणि प्रश्न केंद्राला लिहून पाठवायचे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याचा अभ्यास केला. निष्कर्ष असा, की नुसता रेडिओ ठेवलेल्या गावांपेक्षा मंडळ केलेल्या गावांत लोक पुष्कळ जास्त शिकले. रेडिओ बोलतो म्हणून माणूस शहाणा होत नाही. ऐकल्यावर शेजाऱ्याशी बोलतो म्हणून होतो.

प्रयोग कागलपर्यंत आला आणि निपाणी राहिली. त्या वेळी दोन्ही गावं एकाच मुंबई राज्यात होती. सहा महिन्यांनी नव्हती. आणि आणखी एक. या मंडळांत बसले ते बहुतेक पुरुष. सभासदांची नावं लिहिली गेली, बैठकांचे अहवाल झाले. दाराआड उभ्या राहून ऐकणाऱ्या बाईचं नाव कुठल्या वहीत आलं असेल असं मला वाटत नाही.

पण त्या प्रयोगातून जे सिद्ध करायचं होतं, ते आमच्या गल्लीत वही-पेन्सिलीशिवाय चाललं होतं. माझं लहानपण सत्तरच्या दशकातलं. रेडिओ सोप्यात, भिंतीतल्या फळीवर, वर विणलेला रुमाल. त्याचं लायसन्स असायचं, पोस्टात जाऊन पैसे भरावे लागायचे. त्यामुळे सगळ्यांकडे रेडिओ नव्हता. म्हणून ज्याच्याकडे असेल त्याच्या घरी जमायचं. पडवीत पलीकडच्या घरातल्या दोन काकी, वखारीतून तंबाखू झाडून आलेली एक मावशी आणि सुपात पानं-तंबाखू घेऊन बिड्या वळायला बसलेल्या तिच्या दोन लेकी. निपाणी हे तंबाखूचं गाव. वखारीत आणि बिडीत राबणारे हात बायकांचे. बिड्या वळताना नजर सुपावर लागते, पण कान मोकळे असतात. सिनेमा त्या बायकांना परवडत नव्हता आणि टीव्ही आला तरी हात थांबवून बघावा लागला असता. रेडिओनं त्यांच्या हाताचं काम मोडलं नाही.

तेव्हा गाजत होतं मुंबई आकाशवाणीचं ‘पुन्हा प्रपंच’. पंत म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू आणि टेकाडे भावोजी म्हणजे प्रभाकर जोशी. तीन माणसं, एक मध्यमवर्गीय घर, महागाई, पाहुणे, पंतांचा कंजूषपणा, भावोजींची लुडबूड. शेती नाही, गाव नाही. तरी तंबाखूच्या वासाच्या त्या पडवीत मीनावहिनी आपल्याच वाटायच्या. “वैनीनं आज बरी खोड जिरवली बघ पंतांची,” असं म्हणताना मावशीच्या मनात पंत नसायचे, तिचा नवरा असायचा. हे मला तेव्हा कळायचं नाही. आता कळतं, की घरातलं जे थेट बोलता येत नव्हतं, ते मीनावहिनींच्या नावावर बोलून घ्यायची ती सोय होती. “त्या पंतांनी आधी विचारायला नको होतं काय गं वैनीला?” हा प्रश्न किती घरांतला होता!

गावाकडच्या गोष्टी यायच्या त्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात. दिवेलागणीला दोघं-तिघं पारावर बसल्यासारखे बोलायचे. बाजारभाव, कीड, पाऊसपाणी, मध्येच चेष्टा. पुणे केंद्राचा हा ग्रामीण विभाग बरीच वर्षं व्यंकटेश माडगूळकरांनी सांभाळला. माणदेशाची बोली रेडिओवर आली आणि आपण बोलतो ते ‘गावंढळ’ नाही, हे माझ्या आजीला पहिल्यांदा कळलं.

भाषेची खरी गोष्ट मात्र आमच्या घरातल्या एका सुनेची आहे. आपल्या समाजात सोयरिकी बघताना राज्य बघत नाहीत, घर बघतात. गोकाक-बैलहोंगलकडची मुलगी निपाणीत येते, कोल्हापूरची मुलगी अथणीत जाते. ही काकू कन्नड घरातून आली. मराठी कळायचं थोडं, बोलायला लाज. सासूशी बोलायचं म्हणजे ‘हं’ नाहीतर ‘ऊंहू’. तिनं मराठी उचललं ते रेडिओसमोर बसून. पण रेडिओची मराठी मुंबईची. आमच्याकडे बाईमाणूसही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतं. ही म्हणायला लागली ‘मी येते, मी करते’. सगळ्या पडवीत हशा! “बघा गं, मीनावैनीच आल्या आमच्यात!” आणि त्या हसण्यातच ती आमच्यातली झाली. तिच्यासाठी काटा धारवाडकडे सरकवून कन्नड नाटकंही लागायची. ती पुढचं पुढचं मराठीत सांगायची, अडली की कन्नडच सांगायची, आणि असं करत करत माझ्या आजीला, जिनं कन्नडची पाटी कधी हातात धरली नाही, कन्नड कळायला लागलं. सरकारनं भाषा लादली म्हणून भांडणं झाली. या पडवीत दोन भाषा कुणी लादल्या नाहीत, त्या ‘पुढं काय झालं?’ या एका प्रश्नावर शिकल्या गेल्या.

म्हणून मला वाटतं, सीमाभागाचा इतिहास लिहिताना या ऐकण्याला जागा द्यायला हवी. मराठीवरचं प्रेम आणि मराठीवरचा अन्याय, दोन्ही खरे आहेत, मी ते कमी लेखत नाही. पण भाषा टिकते ती कुठे? ठरावात टिकते तेवढीच पडवीतही टिकते.

आणि बायकांचं हे ऐकणं वायफळ नव्हतं, याला नंतरचा पुरावा आहे. १९९६-९७ मध्ये आकाशवाणीनं उत्तर भारतात ‘तिनका तिनका सुख’ ही १०४ भागांची हिंदी मालिका केली. त्यात हुंड्यापायी छळ होऊन जीव देणारी पूनम होती. उत्तर प्रदेशातल्या लुतसान गावच्या लोकांनी ती एकत्र ऐकली, त्यावर बोलले, आणि १८४ जणांच्या सह्या-अंगठ्यांचं एक मोठं पत्र आकाशवाणीला पाठवलं, की आम्ही हुंड्याला विरोध करतो. अभ्यासकांनी त्या गावावर लिहिलं आहे. हुंडा एका पत्रानं संपला नसणार. पण आधी जे घराघरात वेगवेगळं सोसलं जात होतं, ते चारचौघांत बोललं गेलं. आमच्या पडवीत तेच व्हायचं. फक्त आमचं पत्र कुणी लिहिलं नाही.

ऐंशीच्या दशकात टीव्ही आला. १९८४ मध्ये ‘हम लोग’, १९८७ मध्ये ‘रामायण’. टीव्हीसमोरही सुरुवातीला गल्ली जमली, मग घरोघरी टीव्ही झाला आणि दारं लागली. सोप्यातली फळी रिकामी झाली. ते जुने कार्यक्रमही सगळे उरलेले नाहीत. ध्वनिफीत महाग, एक पुसून दुसरं भरायची रीत जगभरच्या केंद्रांत होती. बोलणाऱ्यांचा आवाज थोडाफार तरी कुठे सापडेल. ऐकणाऱ्यांचा कुठेच नाही. तो आहे फक्त ऐंशीच्या पुढच्या चार-दोन म्हाताऱ्यांच्या आठवणीत, आणि त्या दरवर्षी कमी होताहेत.

आपल्याकडे मुनिसंघ कुठल्या साली कुठल्या गावी थांबला, पंचकल्याणक कधी झालं, बस्तीचा जीर्णोद्धार कुणी केला, हे सगळं लिहून ठेवायची चांगली पद्धत आहे. त्याच वहीत दोन पानं याला द्यावीत. घरातल्या आजीला विचारा: रेडिओ कुणाच्या घरी होता, कोण कोण यायचं, काटा कुठे असायचा, कुठल्या भागाला कोण रडलं. मी विचारायला लागल्यापासून एक पाहिलंय. सीमाप्रश्नाबद्दल विचारलं की या बाया म्हणतात, “त्यातलं आमाला काय कळतंय, बापयमाणसास्नी इचार.” पण टेकाडे भावोजी म्हटलं की ताठ होऊन बसतात, आणि मग तासभर थांबत नाहीत, निम्मं मराठीत, निम्मं कन्नडमध्ये.